मंचुरियनला तो लाल रंग कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस चायनीज खाण्यावर बरेच लिहून येत आहे. कोणी त्याला विष म्हटले, कोणी अजिनोमोटोची भीती घातली, तर एका वाचकाने शहरातली चायनीजची सगळी दुकाने महापालिकेने बंद करावीत असे सुचवले. मी नाशिकच्या सिडकोत राहते. घराजवळच्या चायनीज हॉटेलात आम्ही सगळे जेवायला जातो आणि पुढेही जाणार आहोत. म्हणूनच त्या ताटात नेमके काय वाईट आहे, याची मला चिंता आहे. माझे म्हणणे असे की राग रंगावर काढावा, हॉटेल चालवणाऱ्यावर काढू नये. आणि तो रंग घालवणे बऱ्याच अंशी आपल्या, गिऱ्हाइकांच्याच हातात आहे.

सिडको ही अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या माणसांची वस्ती. घरांच्या सहा स्कीम, लहान घरे, ठरलेला पगार. अशा घरातल्या पाच-सहा जणांनी थाळीच्या हॉटेलात जायचे तर माणशी ताट मोजले जाते, ते परवडत नाही. चायनीजमध्ये सूप वन बाय टू मागता येते, एका ट्रिपल राईसमध्ये तिघांचे भागते, मुलांना नूडल्स मिळतात, आणि सासूबाईंचे दात नसले तरी मंचाव सूप त्या आवडीने घेतात. आमच्या भागातल्या कितीतरी बायकांनी खुर्चीवर बसून, दुसऱ्याने वाढलेले गरम अन्न पहिल्यांदा खाल्ले ते अशाच हॉटेलात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर खोली करून राहणारी मुले तिथे हाफ राईस घेऊन बसतात. त्या वेळी त्यांना गरम आणि खिशाला झेपेल असे दुसरे काय मिळणार?

आमच्या हॉटेलचा मालक सिन्नरकडचा. आधी दुसऱ्याच्या गाडीवर कोबी चिरायला होता, मग कढईवर उभा राहिला, मग स्वतःची गाडी टाकली आणि आता दोन गाळे जोडून हॉटेल. कारीगर नेपाळचा आहे. कोबी, सिमला मिरची, गाजर, कांद्याची पात हा सगळा माल जिल्ह्यातल्याच शेतकऱ्यांच्या मळ्यांतून मार्केट यार्डात येतो आणि तिथून याच्याकडे. बंद करा म्हणणाऱ्यांनी यात कोणाकोणाचे पोट आहे, ते आधी पाहावे.

हे खाणे परक्या देशाचे, असाही सूर एका पत्रात होता. २०२० मध्ये चिनी सैन्याशी झालेल्या गलवानच्या संघर्षानंतर केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदीची मागणी केली होती, तेव्हापासून ही भाषा अधूनमधून कानावर येते. जवान गेले त्याचे दुःख मलाही आहे. पण आपल्या ताटातले चायनीज सीमेपलीकडून आलेले नाही. त्याची घडण कोलकात्यात झाली. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या, चिनी वंशाच्या हक्का समाजाचे टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने होते, आणि त्यांच्याच खाणावळींतून हा प्रकार देशभर गेला. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार भारतीय रहिवाशांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले होते. त्यांत म्हातारी माणसे होती, लहान मुले होती. युद्धाचा राग चेहऱ्यावर आणि खाण्यावर काढला की तो कोणावर निघतो, हे तेव्हा दिसलेच आहे.

मंचुरियन तर मुंबईतले. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात ते पहिल्यांदा केल्याचे सांगितले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच फोडणी. त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरने रस दाट केला. मुंबईत जन्मलेला पदार्थ नाशिकला परका कसा?

आता अजिनोमोटो. जपानमधले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री वनस्पतीच्या रसातून ग्लुटामेट हा चव आणणारा घटक वेगळा काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचे मीठ अजिनोमोटो या नावाने बाजारात आले. आज ते उसाच्या मळीसारख्या पदार्थांवर आंबवण्याची प्रक्रिया करून बनवतात. ग्लुटामेट टोमॅटोत असते, मशरूममध्ये असते, आईच्या दुधातही असते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात उतरणाऱ्या पिकलेल्या टोमॅटोची चव निम्मी त्याचीच आहे. मग त्याची एवढी बदनामी कशाने झाली? एका वाचकाच्या पत्राने. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पत्र लिहिले, की चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडते. त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातली वाईन, मीठ आणि अजिनोमोटो अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या. लोकांनी त्यातली एक उचलली. पुढे कशात अजिनोमोटो आहे हे खाणाऱ्याला न सांगता चाचण्या झाल्या, तेव्हा जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणाने असा त्रास हमखास होतो असे काही निघाले नाही. १९८७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीलाही त्याची रोजची मर्यादा ठरवण्याची गरज वाटली नाही. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी सोया सॉसमधले मीठ जरूर मोजावे, तान्ह्या बाळांना हे काही भरवू नये. पण सगळे बोट अजिनोमोटोकडे दाखवल्यामुळे खरा दोष बिनबोभाट ताटात राहिला आहे. पत्र लिहिणाऱ्यांनी, आणि पत्रे छापणाऱ्यांनीही, याची काळजी घ्यावी अशी माझी विनंती आहे.

खरा दोष म्हणजे रंग. मंचुरियनचा रस्सा, चिकन लॉलीपॉपची साल, शेजवान राईसचे प्रत्येक शीत, सगळे लालभडक. जेवून साबणाने हात धुतले तरी बोटांच्या पेरांवर गुलाबी छटा राहते, लॉलीपॉपच्या हाडापर्यंत रंग उतरलेला असतो. मिरचीने असे होत नाही. ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची भिजवून लसणाबरोबर वाटली तर चटणीला गडद, किंचित तपकिरीकडे झुकणारा लाल रंग येतो. तेलावर तो सुटतो, पण कपड्याच्या रंगासारखा पसरत नाही. मिरची तर आपल्या नंदुरबारच्या बाजारात ढिगाने आहे.

आपल्या देशात खाद्यपदार्थांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत आणि ठरावीक प्रमाणात: आइस्क्रीम, बिस्किटे, गोळ्या-चॉकलेटे वगैरे. हॉटेलात शिजवलेले मंचुरियन त्यात बसत नाही. आणि सुट्या पुड्यांतून विकला जाणारा रंग खाण्याचाच असेल याची खात्री कोण देणार? कर्नाटकात २०२४ मध्ये गोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांतल्या १०७ मध्ये कृत्रिम रंग सापडले. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन. त्याच मोहिमेत कापूसकँडीमध्ये रोडामाइन बी सापडला, जो कापड रंगवायला वापरतात. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने या पदार्थांत रंग घालण्यावर बंदी आणली, त्यासाठी कैदेची आणि दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद सांगितली. पदार्थ मात्र चालूच राहिला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या स्टॉलवरच बंदी घातली होती. दोन्ही ठिकाणी तक्रार जवळपास एकच होती. मला कर्नाटकाचा मार्ग पटतो, कारण त्यात दोष तेवढा काढला गेला आणि धंदा करणाऱ्याला दुरुस्तीची वाट राहिली.

मी आमच्या हॉटेलवाल्याला सरळ विचारले, "दादा, हा रंग कशाला टाकता?" तो ओशाळला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "काकू, नाही टाकला तर गिऱ्हाईक म्हणतं, आज फिकं केलंय, मसाला कमी घातलाय. प्लेट परत येते. समोरची गाडी लाल देते, मग लोक तिकडे जातात." मी म्हटले, आमच्या टेबलाला रंग न घालता दे. त्याने कारीगराला आवाज दिला आणि ताट आले ते मातकट तांबूस. चवीत तसूभर फरक नव्हता. मुलांनी पहिल्यांदा नाक मुरडले, पण दोन घासांत विसरली. रंगाला चव नसतेच, तेव्हा दुसरे काय होणार? आता आम्हाला तो न सांगताच बिनरंगाचे देतो. शेजारच्या टेबलांवर मात्र अजून लालच जाते, कारण तिथून कोणी तसे सांगत नाही.

एक गोष्ट कोणाच्याच पत्रात नव्हती, ती म्हणजे भात. ताजा गरम भात कढईत घातला की त्याचा लगदा होतो, म्हणून फ्राईड राईसचा भात आधी शिजवून, मोकळा करून, गार करून ठेवतात. तो दुपारी केलेला आणि रात्रीपर्यंत टोपलीत उघडा असेल तर खरा धोका तिथे आहे. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात, विष तयार करतात आणि ते विष पुन्हा परतल्यानेही नष्ट होत नाही. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये फ्राईड राईस खाऊन लोकांना उलट्या झाल्या, तेव्हा हेच कारण पुढे आले होते. उपाय साधा आहे. भात पसरट ट्रेमध्ये पातळ पसरून लवकर गार करायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तर हे टाळून चालणारच नाही. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा भात करणाऱ्या आपल्या घरांनाही ते लागू आहे.

तेलाचे सगळ्यांना ठाऊक आहे. वारंवार तापवलेल्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल खराब होताना तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचे नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. हे प्रमाण मोजण्याचे हातात धरायचे यंत्र मिळते, जागेवर आकडा दाखवते.

अन्न व औषध प्रशासनाला माझी विनंती आहे, की संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, जेव्हा कढया पेटलेल्या असतात, तेव्हा फिरती प्रयोगशाळा पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक, कॉलेज रोड, नाशिक रोड अशा ठिकाणी उभी करावी. पहिल्या भेटीत दंडाऐवजी शिकवावे: मिरचीचा रंग कसा काढायचा, भात कसा गार करायचा, तेल कधी फेकून द्यायचे. पुन्हा रंग सापडला तर खुशाल कारवाई करावी. छोट्या विक्रेत्याची नोंदणी करून द्यायलाही तिथेच मदत व्हावी. २०२७ मध्ये सिंहस्थाची स्नाने आहेत. लाखो लोक शहरात येतील, खाण्याच्या गाड्या वाढतील. हे काम त्याआधी सुरू झाले पाहिजे.

वाचकांना एवढेच सांगते, की ऑर्डर देताना "रंग घालू नका" हे शब्द मोठ्याने म्हणा, शेजारच्या टेबलाला ऐकू जातील असे. आणि आलेले ताट फिके दिसले म्हणून परत पाठवू नका.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. कोणत्या पदार्थात कृत्रिम रंग चालतो आणि कोणत्यात नाही, याची सोपी यादी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडून घेऊन ठळक छापावी. आमच्या हॉटेलचा मालक ते कात्रण काउंटरवर चिकटवायला तयार आहे. मी त्याला विचारले आहे.

आपली,
एक वाचक,
पवननगर, सिडको, नाशिक