तळ्यातल्या माशाचा मातकट वास

मा. संपादक,

तळ्यातला मासा घरोघरी वरचेवर का शिजत नाही, असं विचारलं की ‘प्रचार कमी पडतो’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. ते पटत नाही. रोहू, कटला, पंगस पापलेटापेक्षा स्वस्त, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. एकदा तो नेतोही. पुन्हा न्यायचा की नाही, हे कढईतल्या वासावर ठरतं.

मासा चिखल खातो म्हणून तो वास येतो, हा गैरसमज आहे. शेणखत आणि खाद्य जास्त पडलं की तळ्यात निळं-हिरवं शेवाळ माजतं. ते आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात. ते कल्ल्यांवाटे शिरून चरबीत साठतं, त्यामुळे कितीही धुतलं तरी जात नाही. (आंबटाने मात्र ते मोडतं, कोकम-चिंचेच्या कालवणात वास कमी लागतो तो त्यामुळेच.)

उपाय तळ्यावरच करावा लागतो. काढणीच्या आठवडाभर आधी एक मासा मीठमसाला न लावता वाफवून हुंगायचा. वास आला, तर मासे खाद्य बंद करून स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवायचे. कमी चरबीच्या माशाला थोडे दिवस पुरतात, जाड पंगसला जास्त लागतात. एवढ्यात वजन घटतं, आणि व्यापारी पैसे मोजतो ते वजनाचे. मग उपाशी मासे सांभाळायचे कोणी?

दुसरी अडचण काट्यांची. रोहू-कटल्याच्या मांसात दुभंगलेले बारीक काटे असतात. दीड किलोच्या पुढच्या माशात ते बोटाला लागतात, म्हणून काढता येतात. अर्ध्या किलोचा मासा लहान मुलांना देववत नाही. तो घेतलाच, तर दोन-तीन मिलिमीटरवर आडवे चरे देऊन कडक तळावा, काटे कुरकुरीत होतात. चिलापी (तिलापिया) माशात ही कटकट नाही.

मासा बाजारात नेताना लागणाऱ्या बर्फाबद्दल एवढंच: उन्हाळ्यात किलो माशाला किलो बर्फ, ठेचलेला, तळाशी आणि प्रत्येक थरावर, वितळलेलं पाणी क्रेटमधून निथळलं पाहिजे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची समुद्रातली मासेमारी बंद असते. श्रावणाआधीच्या याच आठवड्यांत सुरमई-पापलेट खाणारी घरं तळ्याच्या माशाकडे वळतात. निदान तेवढ्या काळात घाऊक बाजारात वाफवून हुंगण्याची चाचणी व्हावी आणि बिनवासाच्या मालाला किलोमागे चार पैसे जास्त मिळावेत.

– मत्स्यशेतीचा एक अभ्यासक, इंदापूर