लाल शाईच्या तीन प्रश्नांसाठी

इंदूर

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

रेडिएशन घेणाऱ्या मराठी रुग्णांसाठीच्या आमच्या माहितीपत्रकाचा मसुदा तुम्ही तपासून दिलात. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेतच, शिवाय समासात लाल शाईने तीन प्रश्न लिहिलेत. इंदूर-बुऱ्हाणपूरकडच्या आजी-आजोबांच्या हाती जाणारं पत्रक त्या प्रश्नांमुळे नेमकं झालं, म्हणून हे जाहीर आभार.

'कर्करोगाच्या गाठीत ऑक्सिजन कमी असतो' या वाक्यापाशी तुम्ही विचारलंत, 'कायम कमी, की येऊन-जाऊन?' आम्ही कायमचाच प्रकार लिहिला होता. रक्तवाहिनीपासून साधारण ०.१५ मिलिमीटर अंतरात वाटेतल्या पेशी ऑक्सिजन संपवून टाकतात आणि पलीकडच्या उपाशी राहतात. टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी हे १९५५ मध्ये मांडलं. (रेडिएशनचा डोस ज्या 'ग्रे' या एककात मोजतात, त्याला नाव मिळालं ते याच ग्रे यांचं.) पण गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. त्यांतला प्रवाह काही मिनिटं, कधी काही तास मंदावतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. आता तिथे आपल्याच नळाचा दाखला घातला आहे: जिथे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या घरात टाकी, मोटर, बोरिंग सगळी तजवीज असते. पेशीही तजवीज करतात. ऑक्सिजन असताना एचआयएफ-१ या प्रथिनाचा मुख्य भाग काही मिनिटांत मोडला जातो. ऑक्सिजन घटला की प्रथिन टिकतं, नव्या रक्तवाहिन्या मागवतं, पेशीला साखरेवर भागवायला लावतं, औषध बाहेर फेकणारे पंप वाढवू शकतं. ऑक्सिजन परतला की हे थांबायला हवं. पण परतीच्या वेळी तयार होणारे ऑक्सिजनचे क्रियाशील (चटकन इतरांशी अभिक्रिया करणारे) रेणूच एचआयएफला धरून ठेवू शकतात. प्रयोगशाळेत काही वेळा ये-जा करणाऱ्या ऑक्सिजनने सततच्या टंचाईपेक्षा चिवट पेशी घडवल्या, त्याचं हे एक कारण. केमोचं औषधही त्याच रक्तातून येतं. वाहिनी बंद असेल तर तेही दारातच अडतं.

दुसरा प्रश्न, 'मग नळकांडं लावून ऑक्सिजन द्या की!' हा आम्हाला सर्वांत आवडला. किरणांनी डीएनएला केलेली इजा ऑक्सिजन पक्की करतो. तो नसेल तर तेवढ्याच परिणामाला अडीच ते तीनपट डोस लागतो. पण नुसता ऑक्सिजन हुंगल्याने रक्तवाहिन्या आकसू शकतात, आणि बंद वाहिनीपलीकडे तो पोचतच नाही. म्हणून ९५ टक्के ऑक्सिजनमध्ये ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळून कार्बोजेन देतात, आणि मधूनच मिटणाऱ्या वाहिन्यांसाठी सोबत निकोटिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार). मूत्राशयाच्या कर्करोगावर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत या जोडीने जगण्याचं प्रमाण वाढलं. ही नेहमीची पद्धत मात्र सगळीकडे झालेली नाही, तेही लिहिलं आहे. हिमोग्लोबिन वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन मनाने घेऊ नये, हे जाड अक्षरांत आहे: डोके-मानेच्या कर्करोगावरच्या २००३ च्या एका चाचणीत ते घेणाऱ्यांचा आजार उलट कमी आटोक्यात राहिला. विडी-सिगारेटचा परिच्छेदही वाढवला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात. सकाळची विडी दुपारच्या रेडिएशनपर्यंत रक्तात असते.

तिसऱ्या प्रश्नाने आमची चूक पकडली. 'एक दिवस चुकला तर ऑक्सिजनचं काय बिघडतं?' खरं तर फार काही नाही. रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे डोस वाटून दिल्याने आज ऑक्सिजनअभावी बचावलेली पेशी उद्या ऑक्सिजन मिळून सापडू शकते. खाडा नको याचं मोठं कारण वेगळं आहे: मधल्या वेळात उरलेल्या पेशी वाढून घेतात. आम्ही दोन्ही एकाच वाक्यात कोंबलं होतं. आता वाक्यं दोन आहेत, आणि पुढे उपाय: खाडा झालाच तर त्याच दिवशी फोन करा. गरज पडल्यास एका दिवशी दोन डोस देता येतात, पण मध्ये किमान सहा तास हवेत, म्हणजे निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळतो.

'पुनर्ऑक्सिजनीकरण' खोडून तुम्ही 'ऑक्सिजन परत पोचणं' लिहिलंत. तेच छापलं आहे. केमोच्या पत्रकाचा मसुदा सोबत पाठवत आहोत, समास मुद्दाम रुंद ठेवला आहे.

आपले ऋणी,
रेडिएशन विभागातील पत्रक-गट