रविवारी कुरवंडे ते उंबरखिंड, वाचल्याशिवाय येऊ नका

मंडळी, रविवारी पहाटे साडेपाचला शिवाजीनगर स्टेशन, लोकलने लोणावळा, मग चालत कुरवंडे गाव आणि तिथून घाट उतरून उंबरखिंड. शाइस्ताखानाने धाडलेला कारतलबखान याच वाटेने कोकणात उतरला आणि फेब्रुवारी १६६१ मध्ये खाली महाराजांनी त्याला असा कोंडला की शेवटी त्याच्याच फौजेतल्या सरदारीण रायबागननेच शरण जा म्हणून सांगितलं, वाट बघितलीत की कळेल का ते. आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्राजवळ फोटो काढू नका प्लीज. उतारावर वाळक्या गवताने पाय सटकतो, मागच्या वेळी एकाच्या बुटाचा सोल निघाला नि पठ्ठ्या रुमाल बांधून खिंडीपर्यंत आला, तेव्हा बूट आधी तपासा. स्वेटर, दोन लिटर पाणी, डबा. उशीर झाला तर थांबणार नाही, खरंच.