दुसऱ्या वहीतलं कोरं पान

प्रिय बाळा,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पण हे पत्र चारचौघांत लिहायचं ठरवलंय, कारण तू जे केलंस ते चारचौघांना कळायला हवं.

तू चेन्नईला निघालीस तेव्हा मी ऑफिसात होते. आईने सांगितलं, तू येऊन तिच्या पाया पडलीस, तिसरी वही हातात दिलीस आणि म्हणालीस, "शेवटचा भाग एकटीने बघू नका आजी, काकू आल्या की बघा." त्याच रात्री आम्ही दोघींनी आईच्या कोरियन मालिकेचा तो शेवटचा, 54वा भाग पाहिला. त्याला आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत तुला फोन करायला चार वेळा मोबाइल हातात घेतला आणि चारही वेळा घसा दाटून आला. म्हणून लिहिते.

जानेवारीत आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पण घरी आणल्यावर ती बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली. जिने भंडाऱ्यात 22 वर्षं रोज पहाटे उठून डबे केले, ती बाई पानातला घास उचलून परत ठेवायची आणि म्हणायची, "चव नाही लागत." नातेवाईक येत होते, संत्री ठेवून जात होते. भाचा म्हणाला, "टीव्ही लावून दिलाय ना, मग बघ की." तिने एकच गोष्ट मागितली. 2006 साली दूरदर्शनवर हिंदीतून लागायची ती कोरियन मालिका, 'दे जांग गम'. तेव्हा लोडशेडिंगमुळे तिचे निम्म्याहून जास्त भाग बुडाले होते. राजवाड्याच्या स्वयंपाकघरातल्या त्या पोरीचं, जांग गमचं, पुढे काय झालं, हे तिला वीस वर्षं कळलं नव्हतं.

मालिका मिळाली, पण भाषा मिळाली नाही. आईला इंग्रजी येत नाही, आणि ज्या ॲपवर ती सापडली तिथली हिंदी अक्षरं डोळ्यांपुढून भर्रकन निघून जायची. मदतकेंद्रावरच्या मुलाने शांतपणे सांगितलं, "मॅडम, मराठीला मागणी नाहीये." घरातल्यांनी तर तेवढंही ऐकून घेतलं नाही. "त्या सगळ्या बाया सारख्याच दिसतात, काय कळतं तिला त्यात?" हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि तेव्हा गप्प बसले याचा सल अजून जात नाही.

तू वरच्या मजल्यावर राहायचीस एवढीच काय ती ओळख. चाकणच्या कंपनीत कोरियन भाषेची दुभाषी आहेस, हे वॉचमनकाकांकडून कळलेलं. लिफ्टमध्ये मी सहज विचारलं आणि तू सहज म्हणालीस, "मी लिहून देते ना." मला वाटलं, दोन भाग करशील आणि कंटाळशील. तू मराठीतून तीन वह्या भरल्यास. दोनशे पानी, मोठं टपोरं अक्षर, प्रत्येक उताऱ्यासमोर मिनिटं लिहिलेली. पहिल्याच पानावर माणसांची ओळख: हान सांगुंग आपली, चोई सांगुंग परकी, सांगुंग म्हणजे राजवाड्यातली वरच्या पदाची बाई. खाली चौकटीत लिहिलं होतं, "मामानिम ऐकू आलं की मामा समजू नका. मोठ्या पदावरच्या बाईला मानाने तसं म्हणतात, आपल्या बाईसाहेबांसारखं." आई किती दिवसांनी हसली! 2006 साली तिला खरंच वाटलं होतं, की या मुलीचा कुणी मामा आहे आणि तो काही केल्या पडद्यावर येत नाही.

पहिल्या वहीतलं पाण्याचं पान तर तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. हान सांगुंग लहानग्या जांग गमला नुसतं पाणी आणायला सांगते. पोर आणते, बाई नाही म्हणते. परत आणते, परत नाही. मग एके दिवशी पोरीला आठवतं, तिची आई पाणी देण्याआधी काय काय विचारायची. पोट दुखतंय का, शौचाला साफ झाली का, घसा दुखतोय का. सगळं विचारून ती कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून आणते आणि सांगते, घोट घोट प्या. बाईंना हेच हवं होतं. तू खाली लिहिलं होतंस, "भांड्यात घेतलं की पाणीसुद्धा अन्नच, असं हान सांगुंग म्हणतात." आई म्हणाली, "बरोबर आहे. डबा कोणाचा आहे ते माहीत नसेल तर मीठ किती घालावं बाईनं?"

आणि ते फळ! मांसाच्या पदार्थात साखरेऐवजी काय घातलंय हे कुणालाच ओळखता येत नाही, आणि ही चिमुरडी म्हणते, होंगशी, म्हणजे पिकून मऊ झालेलं पर्सिमन. कशावरून म्हणतेस असं विचारल्यावर बिचारी गोंधळते. होंगशीची चव लागली म्हणून होंगशी म्हटलं, याहून दुसरं कारण काय देणार? तू कंसात लिहिलंस, "आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं." त्या एका शब्दावर आई भंडाऱ्याच्या रानात जाऊन पोचली. टेंभरं कशी तोडायची, न पिकलेलं खाल्लं तर तोंड कसं आवळून येतं, कोणत्या मावशीने किती खाल्ली, हे अर्धा तास चाललं होतं. गेल्या कित्येक महिन्यांत ती इतकं बोलली नव्हती.

पुढे जांग गमची जीभच मरते. कशाचीच चव कळत नाही आणि ती ते लपवत राहते. कळल्यावर हान सांगुंग तिला स्वयंपाकघरातून काढत नाहीत, चव न घेता रांधायला लावतात. चव मनात रेखता येते, ती तुझ्यात आहे, म्हणतात. त्या भागाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पलंगावर मसाल्याचा डबा मागितला. एकेक वाटी नाकाशी धरली. मग मला वांग्याची भाजी करायला बसवलं, तिखट, मीठ, गूळ सगळं पलंगावरून सांगितलं, आणि दुपारी एक अख्खी पोळी खाल्ली. हे तुला सांगायचं राहूनच गेलं होतं.

पण मला सांगायचंय ते 27व्या भागाबद्दल.

हान सांगुंगवर राजाच्या जिवावर उठल्याचा खोटा आळ येतो, मारहाण होते, आणि दोघींना जेजू बेटावर दासी म्हणून पाठवतात. चालवत नाही म्हणून जांग गम त्यांना पाठीवर घेते. वाटेत तिच्या पाठीवरच त्या जातात. दुसऱ्या वहीत तू या भागाची डावीकडची पानं नेहमीसारखी भरली होतीस. मग एक उजवं पान जवळजवळ कोरं. मधोमध, पेनाने नाही, पेन्सिलीने, एकच ओळ: "आजी, आता वाचू नका. नुसतं बघा. मी खाली येते."

आणि तू आलीस. कंपनीच्या बसने येऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. तू काही बोलली नाहीस. जमिनीवर बसलीस, आईच्या ऑपरेशनच्या पायाला धक्का लागणार नाही अशा बेताने पलंगाला टेकलीस आणि तिचं पाऊल हातात धरून ठेवलंस. आईने चष्मा काढून वहीवर ठेवला होता. यांग मी-क्योंग या नटीचा तो थकलेला चेहरा, खाली पोरीचं बोलत राहणं, आणि ज्या क्षणी तिला कळतं की पाठीवरून आता उत्तर येणार नाही... भाग संपल्यावर आई एवढंच म्हणाली, "पोरीनं खाली नाही ठेवलं तिला."

आई पडली त्या दिवशी मला ती उचलता आली नव्हती. शेजारचे दोघं येईपर्यंत मी तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसून होते. ते मी कुणाला बोलले नाही, तुलाही नाही. त्या रात्री तू तिचं पाऊल धरून बसली होतीस, तेव्हा ते माझ्या छातीवरून उतरलं.

शब्द कुठे लिहायचे हे पुष्कळांना कळतं. कुठे लिहायचे नाहीत हे तुला 24व्या वर्षी कसं कळलं गं? डॉक्टर, नातलग, ओळखीचे, सगळ्यांनी आईला काहीतरी आणून दिलं, पण तिला काय हवंय हे विचारलं नाही. तू आधी विचारलंस आणि मग पाणी आणलंस. अशी माणसं असतात आणि ती आपल्याच जिन्यात राहत असतात, याची आम्हाला आठवणच उरली नव्हती.

तिसऱ्या वहीच्या शेवटी तू खऱ्या जांग गमबद्दल, कोरियाच्या राजाच्या वैद्यबाईबद्दल लिहिलंस, तेही आईने जपून वाचलं. बायका पुरुष वैद्याला अंगाला हात लावू देत नसत आणि मरत, म्हणून 1406 पासून दासींच्या मुलींना वैद्यकी शिकवायला लागले, हे वाचून ती लगेच म्हणाली, "आपली आनंदीबाईपण त्यासाठीच गेली होती ना अमेरिकेला?" 1515 मध्ये राणी बाळंतपणानंतर गेली तेव्हा जांग गमला शिक्षा करा म्हणून दरबारी मागे लागले, आणि राजा जुंगजोंगने ऐकलं नाही. 1544 मध्ये शेवटच्या आजारात त्याने सांगितलं, की माझं दुखणं वैद्यबाईला ठाऊक आहे. राजांच्या एवढ्या थोरल्या बखरींत तिच्याविषयी मोजक्याच नोंदी आहेत, स्वयंपाकघर सगळं मालिकावाल्यांनी रचलेलं, असं तू प्रामाणिकपणे लिहिलंस. मला वाटलं आई खट्टू होईल. ती म्हणाली, "मोजक्या तर मोजक्या. डबेवालीवर तेवढ्याही नसतात."

ती आता वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जाते. परवा वरणाला फोडणी तिने दिली.

तुझा चेन्नईचा पत्ता पाठव. तिसऱ्या वहीत मागे बरीच पानं उरली आहेत, त्यांवर आई तुझ्यासाठी लिहिते आहे, परमुलखात एकटीने रांधून खायचं म्हणून. अक्षर थरथरतं, पण मापं अचूक आहेत. डाळभाजी झाली, पाटोडी झाली, आज भरल्या वांग्यांपाशी थांबली आहे. पूर्ण झाली की वही पाठवते. दुसरी मात्र मागू नकोस. ती आईच्या उशाशी आहे आणि तिथेच राहील.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू