आठ तासांचं रोम आणि कडेवरची नातवंडं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत क्रूझच्या एका दिवसाच्या थांब्यात रोम आठ तासांत कसं 'उरकावं' याविषयीचा लेख वाचला. कोलोसियम, फोरम, व्हॅटिकन, त्रेवी कारंजं, स्पॅनिश पायऱ्या, आणि शेवटी 'लहान मुलांनाही मजा येईल' असं एक वाक्य. ते वाक्य नसतं तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. गेल्या मे महिन्यात आम्ही सहाजण त्याच बंदरात उतरलो होतो. मी, सौ., लेक, जावई, सव्वातीन वर्षांची नात आणि दीड वर्षाचा नातू. माझी पस्तीस वर्षं रेल्वेत गेली, शेवटची अकरा स्टेशन मास्तर म्हणून. वेळापत्रक कागदावर कसं दिसतं आणि फलाटावर त्याचं काय होतं, ते मी रोज पाहिलेलं आहे. त्याच नजरेने लेखकाचे आठ तास तपासले.

जहाज रोमला लागत नाही, हे लेखात एका ओळीत येऊन गेलं. ते लागतं चिवितावेक्किया या बंदरात, रोमपासून 70-80 किलोमीटरवर. जहाज सकाळी सात वाजता धक्क्याला लागलं आणि 'संध्याकाळी सहाच्या आत सगळे जहाजावर' अशी सूचना होती. म्हणजे अकरा तास, असं जावयाने आदल्या रात्री जाहीर केलं. प्रत्यक्षात न्याहारी, डायपर, एक हरवलेला बूट आणि उतरायची रांग यांत पावणेनऊ झाले. धक्क्यावरून बंदराच्या बसने लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत, तिथून पुढे स्टेशन. सव्वानऊची गाडी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. पुढची मिळाली, तिने तासाभराहून जास्त घेतला आणि रोमच्या सान पिएत्रो स्टेशनात पाय ठेवला तेव्हा अकरा वाजायला आले होते. परतीची गाडी मी तीनची धरली होती. तीननंतरचीही चालली असती, पण स्वतःच्या जिवावर फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. जहाजाच्या सहलीच्या बसला उशीर झाला तर वाट पाहतात, आपल्यासाठी नाही. दोन तासांची गादी ठेवल्याशिवाय मला झोप लागली नसती. (सौ. म्हणते, तशीही लागली नाहीच.)

तर राहिले चार तास. त्यातला एक धाकट्याच्या झोपेचा, एक जेवणखाण आणि स्वच्छतेचा. उरले दोन. या दोन तासांत पाच ठिकाणं बसवणाऱ्या लेखकाला माझा नमस्कार.

मग जहाजाची बस का घेतली नाही, असं कुणी विचारील. आदल्या बंदरात घेतली होती. दीड-दोन तास बसमध्ये, मुलांसाठी वेगळी सीट नाही, उतरल्यावर झेंडा धरलेल्या बाईंच्या मागे पन्नास माणसं, आणि नातीला नेमकी तेव्हाच शी लागलेली. झेंडा पुढे गेला, आम्ही मागे राहिलो. आणखी एक. सहल विकताना आमच्या प्रवास कंपनीने 'जहाजावर पाळणाघर आहे, मुलं ठेवा आणि निवांत फिरा' असं तोंड भरून सांगितलं होतं. जहाजावर कळलं की मुलांचा क्लब तीन वर्षांपासून पुढे, तेही डायपर सुटलेल्यांसाठी. पोहण्याच्या तलावातही डायपरवाल्याला मज्जाव. दीड वर्षाच्या प्रवाशाच्या वाट्याला केबिन आणि आजोबा एवढंच होतं.

सान पिएत्रोहून 64 नंबरच्या बसने आम्ही लार्गो दि तोर्रे आर्जेंतीना या चौकात उतरलो. (खिसेकापूंसाठी ही बस नावाजलेली आहे. पाकीट पुढे धरा.) हा चौक मी मुद्दाम निवडला, कारण तिथून पुढचं सगळं चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहे. चौकाच्या मधोमध, रस्त्याच्या पातळीखाली, चार जुन्या देवळांचे अवशेष आहेत आणि याच आवारात इ. स. पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरला भोसकलं. कठड्याला टेकून मी हे नातीला सांगायला लागलो. तिने तुटक्या खांबावर ऊन खात पडलेलं एक पिवळं मांजर पाहिलं. मग दुसरं, मग काळंपांढरं. तिथे बेवारस मांजरांचा आसरा आहे. तिने सात मोजली, त्यातली दोन बहुधा तीच तीच होती. सीझर बिचारा पुन्हा एकदा मेला.

चौकातून आत वळलो तशी मुलांची ढकलगाडी बोलायला लागली. रोमच्या जुन्या गल्ल्यांत काळ्या बेसाल्टचे छोटे चौकोनी दगड बसवलेले आहेत, त्यांना सांपिएत्रीनी म्हणतात. दिसायला देखणे, ढकलगाडीला वैरी. धाकट्याला मात्र शोध लागला की चाकं धडधडत असताना तोंड उघडून 'आऽऽ' म्हटलं की आवाज आपोआप थरथरतो. मग तो 'आ-आ-आ-आ' करत पुढे आणि दुकानदार वळून बघताहेत, अशी आमची मिरवणूक निघाली. शंभर पावलांवर पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं, जावयाने जोर लावला आणि खिळा तुटला. तिथून पुढे ढकलगाडी आम्ही उचलून नेली आणि नातू पाळीपाळीने प्रत्येकाच्या कडेवर. दुसऱ्यांदा गेलो तर गाडी जहाजावरच ठेवीन आणि पाठीवर बांधायची झोळी नेईन. लेखात या दगडांचा उल्लेख 'रोमँटिक फरसबंदी' असा आहे.

पियात्सा देल्ला मिनेर्व्हामध्ये एक संगमरवरी हत्ती आहे, पाठीवर मिसरी स्तंभ घेतलेला. योजना शिल्पकार बर्निनीची, कोरला एर्कोले फेर्रातानं, साल 1667. स्तंभ त्याहून दोन हजारांवर वर्षांनी जुना, शेजारच्याच मठाच्या बागेत सापडलेला. एकाही 'पाहायलाच हवं' यादीत मला तो दिसला नव्हता. नातीने त्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. सोंड मागे वळवून तो कुणाकडे बघतो, हे तिला शोधायचं होतं. दहा मिनिटं गेली. मी घड्याळ पाहिलं नाही, आणि हे मी लिहितो आहे यावरून काय ते समजा.

त्याच चौकातल्या चर्चमध्ये शिरलो. बाहेर ऊन, आत गारवा, लाकडी बाकं, आणि वर निळ्या रंगात सोनेरी चांदण्यांचं छत. धाकटा कडेवर होता, छताकडे बघता बघता त्याची मान माझ्या खांद्यावर कलंडली. लेक आणि जावयाला मी त्रेवीला पिटाळलं. कारंजं दहा मिनिटांवर होतं आणि त्यांच्याही वाट्याला सहलीतलं काहीतरी यायला हवंच. मोठ्यांची अशी पाळी लावली की कुणीच रागावत नाही. अर्ध्या तासाने राखणदाराने किल्ल्या वाजवल्या. रोममधली बरीच चर्च दुपारी बंद होतात, तेव्हा झोप बाराच्या आधी लागली तर बरी.

पँथिऑन पाठीमागेच. आम्ही गेलो तेव्हा तिकीट 5 युरो होतं, मुलांना फुकट. सम्राट हेड्रियनच्या काळातली ही इमारत, मुळात देवळाची. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही 43.3 मीटर, आणि लोखंडी सळई न घालता ओतलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात दुसरा नाही. वर मधोमध जवळपास 9 मीटरचं उघडं भोक. नात म्हणाली, 'आबा, छप्पर फुटलंय. पाऊस आला तर?' मी म्हटलं, येतो ना पाऊस, सरळ आत पडतो. 'मग पाणी कुठं जातं?' हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. तिथल्या कर्मचाऱ्याला हातवारे करून विचारलं. त्याने हसून जमिनीकडे बोट दाखवलं. मधल्या फरशीत बारीक बारीक भोकं आहेत, एकूण 22, आणि पाणी तिकडे वाहावं म्हणून फरशीला उतार दिलेला आहे. नात दोरीच्या अलीकडे उकिडवी बसली आणि दिसतील तेवढी भोकं मोजू लागली. भोवती शेकडो माणसं माना वर करून उभी, हे एकच पोर खाली बघत होतं.

पण दिवसाचा कळस झाला तो एका नळापाशी. रोमभर रस्त्याच्या कडेला ओतीव लोखंडाचे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, साधारण अडीच हजार, पहिले 1874 साली बसवलेले. तोटी लांब वाकडी, म्हणून त्यांना 'नाझोने' म्हणजे मोठं नाक म्हणतात. पाणी अखंड वाहतं, थंडगार आणि पिण्याजोगं. पँथिऑनजवळच्या गल्लीत एक आजीबाई आल्या, तोटीचं तोंड बोटाने दाबलं, आणि वरच्या बाजूच्या छिद्रातून पाण्याची कमान उडाली. त्या प्यायल्या आणि काही न बोलता गेल्या. पुढची पंचवीस मिनिटं आमच्याकडून हलणं झालं नाही. दोन्ही मुलं नखशिखांत भिजली, सौ.ची पर्स भिजली, आणि एक जर्मन जोडपं शिकवणी घेऊन गेलं. कपड्यांचा दुसरा जोड पिशवीत हवाच. बाटलीबंद पाणी मात्र विकत घ्यायची गरज नाही.

नावोना चौकात बर्निनीचं 1651 सालचं चार नद्यांचं कारंजं आहे. नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. सौ.ने हात जोडायची तयारी केली, तर गंगा म्हणजे हातात वल्हं घेतलेला दाढीवाला बाप्या निघाला. तिने तो धक्का अजून पचवलेला नाही.

स्वच्छतागृहांचं म्हणाल तर सार्वजनिक फार कमी. एखाद्या बारमध्ये काउंटरवर उभ्याने कॉफी प्यावी, बसून घेतली तर महाग पडते, आणि मग आतली सोय वापरावी. डायपर बदलायला फळी कुठेच दिसली नाही, ते काम परतीच्या गाडीत सीटवर वर्तमानपत्र पसरून केलं. (आपलं नव्हतं, इटालियन होतं.)

कोलोसियम पाहिलं नाही. तिथे प्रवेशाची वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं, आणि दीड वर्षाच्या माणसाला वेळ देता येते, पाळायला लावता येत नाही. जावई थोडा हिरमुसला, ते मी कबूल करतो. पावणेपाचला आम्ही जहाजावर होतो.

इतकंही झेपणार नसेल तर रोमला न जाणंही चालतं. चिवितावेक्कियाचं बंदर मुळात सम्राट ट्राजननं बांधवलेलं, आणि धक्क्याजवळच 1508 मध्ये वास्तुकार ब्रामांतेनं सुरू केलेला किल्ला उभा आहे, ज्याला मिकेलांजेलोचं नाव आहे. समुद्रालगत मोकळी फिरायची जागा आहे. आमच्या मजल्यावरचं एक जोडपं जुळ्यांना घेऊन दिवसभर तिथेच राहिलं आणि संध्याकाळी आमच्यापेक्षा ताजंतवानं दिसत होतं.

संपादक महोदय, मागणं फार नाही. असे लेख छापताना शेजारी एक छोटी चौकट द्यावी. बंदरापासून शहर किती लांब, जाण्यायेण्यात किती वेळ जातो, प्रत्यक्ष शहरात किती तास मिळतात, पायऱ्या आणि दगडी रस्ते किती, बसायला सावली कुठे. आणि 'मुलांनाही मजा येईल' असं लिहिणाऱ्याला मूल किती वर्षांचं, हे आधी विचारावं.

आपला,
एक निवृत्त स्टेशन मास्तर
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयासाठी वेगळा जोडला आहे.)

ता. क. इटलीतल्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घेतल्याशिवाय गाडीत चढू नये. लेखात हे राहून गेलं आहे. दंड होतो, आणि निवृत्त रेल्वेवाल्याला तो झाला तर सौ. वर्षभर ऐकवते.