चालून जमवलेल्या निधीचा हिशेब

महोदय,
गेल्या रविवारी टेकडी वाचवण्यासाठी काढलेल्या निधी पदयात्रेत मी आठ किलोमीटर चाललो. किलोमीटरमागे पन्नास रुपये देणारे सहा जण आधीच गाठून ठेवले होते. शेजारच्या काकूंनी मात्र ‘चालायचे कसले पैसे?’ असे म्हणत शंभराची नोट हातावर ठेवली.

चालणे झकास झाले. पण प्रत्येकाला टी-शर्ट, पदक आणि वळणावळणावर पाण्याची छोटी बाटली! उतरताना करवंदीच्या जाळ्यांत अडकलेल्या सोळा बाटल्या मी पिशवीत भरून आणल्या. निधीचे काय करणार, असे विचारल्यावर ‘वृक्षारोपण’ एवढेच उत्तर मिळाले. टेकडीचा माथा गवताळ आहे. चंडोल, टिटवी तिथे जमिनीवरच अंडी घालतात. तिथे खड्डे खणून गिरिपुष्पासारखे (ग्लिरिसिडिया) परदेशी झाड लावायचे असेल, तर माझे पैसे परत दिलेले बरे.

१९८७-८८ मध्ये ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा निघाली होती. एक तुकडी नवापूरहून, दुसरी कन्याकुमारीहून, भेट गोव्यात. सुमारे शंभर दिवस माणसे चालली, वाटेत गावकऱ्यांशी जंगल, धरणे, खाणी यांवर बोलली. आपण निदान टेकडीवर रोज गुरे चारणाऱ्यांना तरी विचारायला हवे होते.

संयोजकांनी जमाखर्च जाहीर करावा, टी-शर्टांच्या खर्चासकट. काकू रोज जिन्यात अडवून विचारतात.

– एक पदयात्री, पुणे