डग्लस सर, टेबल न सोडल्याबद्दल आभार

आदरणीय डेस्मंड डग्लस सर,
सप्रेम नमस्कार.

मुलांना टेबल टेनिसमधला ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा फटका टेबलाजवळच बॅटने अडवून परतवणं, शिकवताना आम्ही प्रशिक्षक तुमच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती लावतो. त्यांचा इतका उपयोग झालाय की आभार मानायलाच हवेत. १९५५चा जमैकातल्या किंग्स्टनमधला जन्म, बर्मिंगहॅममधलं बालपण, इंग्लंडची ११ राष्ट्रीय विजेतेपदं, १९८७ची युरोपियन टॉप-१२ स्पर्धा, पुढच्याच वर्षी सोल ऑलिंपिक. हे सगळं मुलांनी नंतर वाचलं तरी चालेल. आधी तुमचे पाय बघावेत.

सुरुवातीला टेबलामागे जागाच नव्हती, म्हणून तुम्हाला मागे सरकायची सवय लागली नाही, असं सांगतात. अडचणीच्या हॉलमध्ये खेळणाऱ्या आमच्या पोरांना हे लगेच पटतं.

समोरून टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरत येणारा चेंडू, आला की नवखा खेळाडू आधी हात मागे नेतो. तिथेच उशीर होतो. तुमची बॅट पुढेच असते. टप्पा पडून चेंडू वर चढत असतानाच तो घ्यायचा, बॅट पुढे झुकलेली, हाताची हालचाल जेमतेम वीतभर, मनगट स्थिर. फिरकी जास्त तेवढी बॅट अधिक मिटलेली, म्हणजे आणखी पुढे झुकलेली. चेंडू टेबलाबाहेर गेला तर बॅट उघडी राहिली किंवा हात वर उचलला गेला; जाळीत गेला तर बॅट फार मिटली किंवा चेंडू खाली दाबला गेला. मूठ घट्ट आवळली की चेंडू लांब उडतो, ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात उशिरा सुटते.

मल्टीबॉलवर, म्हणजे एकामागून एक चेंडू देत घेतलेल्या सरावात, आधी फक्त बॅकहँडला, एकाच वेगाने चेंडू देतो. मग एक बॅकहँडला, एक खेळणाऱ्याच्या कोपराच्या रोखाने. टेबलाला चिकटून खेळणाऱ्याचं दुखणं कोपरच: फोरहँड की बॅकहँड, हे ठरवायला वेळच उरत नाही. अर्धं पाऊल बाजूला सरकून बॅकहँड, एवढंच आधी पक्कं करून घेतो. मंद, भरपूर फिरकीच्या चेंडूवर नुसता ब्लॉक पुरत नाही, कारण परतवायला समोरच्याचा वेगच नसतो. तिथे तुमच्यासारखा, बॅट झटक्यात पुढे ढकलून मारलेला ठोसा लागतो.

तुमच्या काळी चेंडू ३८ मिमीचा होता, आता ४० मिमीचा. गेमही २१ऐवजी ११ गुणांचा. तरी डावखुऱ्या मुलांना आम्ही अजून तुम्हालाच दाखवतो. अर्थात, नजर तेवढी तेज नसलेल्याला हा खेळ शिकवायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

आपले,
टेबल टेनिस प्रशिक्षक